बूटस्ट्रॅपिंग (कंपायलरचे)

एखाद्या संगणकभाषेचा कंपायलर (त्या भाषेतला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा कोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) त्याच भाषेत लिहिणे आणि त्याच्याकडूनच तो कंपाइल करवून घेणे. आरंभीची आवृत्ती दुसऱ्या भाषेत लिहावी लागते किंवा इंटरप्रिटरवर (प्रोग्राम आधी कंपाइल न करता थेट चालवणाऱ्या प्रोग्रामवर) चालवावी लागते. पुढची प्रत्येक आवृत्ती तिच्या आधीच्या आवृत्तीने तयार होते.

उगमाविषयी एकमत नाही. कोराडो बोम यांनी १९५१ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेत केलेल्या प्रबंधात एक भाषा मांडून तिच्या भाषांतराची रीत त्याच भाषेत लिहून दाखवली. म्हणून कल्पनेचा मान बोम यांच्याकडे जातो. प्रत्यक्ष यंत्रावरील कंपायलरांत अमेरिकन नौदलाच्या सॅन दिएगो येथील प्रयोगशाळेतील नेलिअ‍ॅक (१९५८ च्या सुमारास) सर्वांत जुना धरणे अधिक सयुक्तिक वाटते. काही ठिकाणी हा मान एमआयटीतील हार्ट व लेव्हिन यांच्या लिस्प कंपायलरला (१९६२) दिलेला आढळतो. त्याचे वेगळेपण रीतीत आहे: लिस्पमध्ये लिहिलेला कंपायलर आधीच उपलब्ध असलेल्या इंटरप्रिटरवर चालवून त्याच्यापुढे त्याचाच सोर्स कोड (मूळ लिहिलेला प्रोग्राम) ठेवण्यात आला. त्यामुळे दुसऱ्या भाषेत तात्पुरता कंपायलर लिहिण्याची गरजच उरली नाही.

जीसीसी या जीएनयू प्रकल्पाच्या मुक्त कंपायलरची बांधणी तीन टप्प्यांत होते. यंत्रावर असलेल्या कंपायलरने पहिला टप्पा, पहिल्याने दुसरा व दुसऱ्याने तिसरा तयार होतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यांच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन निघालेल्या यंत्रकोडाच्या फाइली) बाइटागणिक ताडून पाहतात. पहिला टप्पा परक्या कंपायलरने घडवलेला असल्याने त्याची तुलना करण्यात अर्थ नसतो. फाइली जुळल्या नाहीत तर बांधणी तिथेच थांबते.

फाइली जुळल्या तरी कंपायलर विश्वासार्ह ठरतोच असे नाही. केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात दाखवले, की कंपायलरच्या बायनरीत (कंपाइल झालेल्या यंत्रकोडात) दडवलेला कोड सोर्समध्ये कोणताही माग न ठेवता पुढच्या प्रत्येक आवृत्तीत उतरू शकतो. डेव्हिड व्हीलर यांनी पुढे यावर दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरकडून तोच सोर्स कंपाइल करून ताडण्याची पद्धत मांडली.

पुण्यात हा विषय मुख्यतः दोन वाटांनी येतो. विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकी प्रात्यक्षिकांत लेक्स व याक ही कंपायलरचे भाग तयार करून देणारी साधने वापरली जातात. तिथे घडणाऱ्या छोट्या भाषांत फाइली व स्ट्रिंग हाताळण्याची सोय क्वचितच असते, म्हणून त्या स्वतःचा कंपायलर पेलू शकत नाहीत. दुसरी वाट एम्बेडेड (उपकरणांत बसवलेल्या संगणकांच्या) उद्योगाची. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने रेनेसासच्या एसएच व एच८ मायक्रोकंट्रोलरांसाठी जीसीसीवर आधारित टूलचेन (कंपायलर व त्याच्या जोडीची साधने) पुरवल्या. हे क्रॉस-कंपायलर पीसीवर चालतात आणि कोड दुसऱ्याच चिपसाठी काढतात. त्यामुळे त्यांना स्वतःला पुन्हा कंपाइल करता येत नाही, तीन टप्प्यांची पडताळणीही लागू होत नाही. निघालेला कोड सिम्युलेटरवर किंवा प्रत्यक्ष बोर्डावर चालवूनच तपासावा लागतो.