फिनॉल्फ्थॅलीन की मिथिल ऑरेंज? एकच सोडा, दोन रीडिंग

प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की हा गोंधळ ठरलेला. दोन्ही इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून खूण देणारी रसायनं, दोन्ही ॲसिड आणि अल्कलीत (म्हणजे बेसमध्ये) वेगळा रंग दाखवतात, मग सर एकदा हे घाला म्हणतात, दुसऱ्यांदा ते घाला म्हणतात, समोर जी बाटली असेल ती ओतली तर बिघडलं कुठे? तर एक प्रयोग बघा, पाहिजे तर करूनच बघा.

धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं ०.१ मोलर द्रावण १० मिली फ्लास्कमध्ये घ्या, ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या नळीत, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड भरा आणि थेंबाथेंबाने सोडा. फिनॉल्फ्थॅलीन घातलं तर गुलाबी रंग जातो साधारण १० मिलीला. तेच सगळं परत घेऊन मिथिल ऑरेंज घातलं तर पिवळ्याचा नारिंगी होतो २० मिलीला. बरोबर डबल! आणि गंमत म्हणजे दोन्ही रीडिंग बरोबर आहेत.

कारण कार्बोनेट ॲसिडला दोन टप्प्यांत खातं. आधी त्याचं बायकार्बोनेट होतं, म्हणजे आपला खायचा सोडा, तेव्हा पीएच (७ म्हणजे मध्य, खाली ॲसिड, वर अल्कली) ८.३ च्या आसपास असतो. मग त्या बायकार्बोनेटचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, तिथे पीएच ४ पर्यंत उतरलेला असतो. फिनॉल्फ्थॅलीन पीएच ८.२ च्या खाली बिनरंगी आणि १० ला झकास गुलाबी, त्यामुळे त्याला पहिलाच टप्पा दिसतो, त्यानंतर तुम्ही कितीही ॲसिड सोडा, ते ढिम्म. मिथिल ऑरेंज ३.१ च्या खाली लाल आणि ४.४ च्या वर पिवळं, म्हणून पहिला टप्पा कधी येऊन गेला याचा त्याला पत्ताच नसतो, ते थेट दुसऱ्याला जागं होतं.

म्हणजे ‘हे ॲसिड आहे की अल्कली’ असं यातलं कोणीच सांगत नाही. इंडिकेटर स्वतःच एक कमजोर ॲसिड किंवा बेस असतो, त्याचा हायड्रोजन आयन सुटला की रेणूची रचना बदलते आणि रंग बदलतो, आणि तो कुठल्या पीएचला सुटणार हे त्या त्या रेणूवर अवलंबून. ७ शी त्याचं काही देणंघेणं नाही! पीएच ५ चं पाणी चक्क ॲसिडिक असतं तरी मिथिल ऑरेंज त्यात पिवळंच राहतं, आणि पीएच ७.८ चं पाणी किंचित अल्कलाइन असूनही फिनॉल्फ्थॅलीन त्यात बिनरंगी. ‘पिवळं म्हणजे बेस’ आणि ‘रंग नाही म्हणजे ॲसिड’ असं जे जर्नलमध्ये लिहून ठेवलेलं असतं ना, ते तेवढं खोडा.

आता निवडायचं कसं? हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) अशी दोन्ही तगडी मंडळी असतील तर खरंच काहीही घाला, कारण शेवटच्या एकदोन थेंबांत पीएच ४ वरून १० वर उडी मारतो, दोघांचे रंग त्या उडीतच बदलतात. खरा घोळ कमजोर ॲसिडमध्ये. व्हिनेगर घ्या, त्यातलं ॲसेटिक ॲसिड कॉस्टिकने मोजायचंय, तिथे शेवट, म्हणजे सगळं ॲसिड संपायची जागा, येतो पीएच ८.७ च्या जवळपास, म्हणून फिनॉल्फ्थॅलीनच. मिथिल ऑरेंज घातलंत तर गणित करून बघा, ४.४ ला ते पूर्ण पिवळं होतं तेव्हा जेमतेम ३० टक्के ॲसिड संपलेलं असतं, आणि तो रंगही एका थेंबाला न बदलता हळूहळू सरकत जातो, आपण फ्लास्क हलवत बसतो आणि झालं की नाही तेच कळत नाही. अमोनिया ॲसिडने मोजताना नेमकं उलट, शेवट पीएच ५ च्या आसपास असतो, तिथे फिनॉल्फ्थॅलीन आधीच रंग सोडून मोकळं होतं, मिथिल ऑरेंज किंवा मिथिल रेड हा तिसरा इंडिकेटर चालतो.

डोळ्यांसाठी म्हणाल तर माझं मत सरळ फिनॉल्फ्थॅलीनकडे. बिनरंगी ते गुलाबी कोणालाही दिसतं, पिवळा ते नारिंगी यावर मात्र शेजारी शेजारी उभे असलेले दोघं भांडतात. मिथिल ऑरेंजचे दोनच थेंब घाला, खाली पांढरी टाईल ठेवा, आणि बाजूला एक तुलनेचा फ्लास्क ठेवलात तर निम्मं भांडण मिटतं. फिनॉल्फ्थॅलीनचे पण नखरे आहेतच. कॉस्टिक ओतताना आलेला फिका गुलाबी रंग थोड्या वेळाने आपोआप उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळतो, म्हणून अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्यायचं, पुन्हा थेंब घालत सुटायचं नाही. आणि कॉस्टिक फारच कडक असेल, पीएच १३ च्या वर, तर गुलाबी येतो आणि हळूहळू परत जातो, मग लोक म्हणतात यात अल्कली नाहीच, आणि हात घालतात! असं करू नका, आधी पाणी घालून पातळ करून तपासा.

एक जागा अशी आहे जिथे मिथिल ऑरेंजचा काहीच उपयोग नाही. लाच घेताना पकडायच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात, नंतर त्या माणसाचे हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी. पावडर पांढरी, नोटेवर डोळ्यात भरत नाही, आणि सोड्याचा पीएच ११ च्या घरात म्हणून रंग नक्की येणार. मिथिल ऑरेंजची पावडर मुळातच नारिंगी, शिवाय साध्या पाण्यात पिवळी आणि सोड्याच्या पाण्यातही पिवळीच, कोर्टात काय दाखवणार?

पाण्याच्या तपासणीत मात्र दोघांची जोडी लागते. बोअरवेलच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन घातलं आणि रंगच आला नाही म्हणून ‘अल्कलिनिटी (ॲसिड पचवायची ताकद) शून्य’ लिहून मोकळे होऊ नका, बहुतेक अशा पाण्याचा पीएच ८.२ च्या खाली असतो आणि सगळी अल्कलिनिटी बायकार्बोनेटच्या रूपात बसलेली असते, जी फिनॉल्फ्थॅलीनला दिसतच नाही. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज घालून ॲसिड सोडत राहा, खरा आकडा तिथे निघतो. आपल्याकडच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण अल्कलिनिटीला लिटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत, आणि ती तुलना करायची या दुसऱ्या आकड्याशी. क्रम पण हाच ठेवायचा, आधी फिनॉल्फ्थॅलीन मग मिथिल ऑरेंज, कारण पीएच वरून खाली येताना ८ आधी लागतो, ४ ला पोचल्यावर फिनॉल्फ्थॅलीन घातलंत तर त्याला बघायला काही उरलेलंच नसतं.