‘आई, नक्की ना?’ : किशोरवयातला ओसीडी आणि वाया जाणारी वर्षं

आठवीतली मुलगी बाथरूममध्ये शिरली की पाऊण तास बाहेर येत नाही. साबणाची वडी दोन दिवसांत संपते, बोटांची पेरं सोलवटलेली असतात. घरातलं पहिलं निदान ठरलेलं: ‘वयच तसलं आहे.’ आजी असेल तर ती मनातून सुखावतेही, नातीला स्वच्छतेची आवड लागली म्हणून. पुढे कटकट, आरडाओरडा, मग कुणीतरी दृष्टही काढतं. डॉक्टरकडे जाईपर्यंत दहावीचं वर्ष उजाडतं, आणि तिथेही तक्रार मंत्रचळाची नसते, मार्क घसरल्याची असते.

ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणजेच हा मंत्रचळ. त्याचं चक्र तसं साधं आहे. नको असलेला विचार किंवा शंका मनात घुसते, जीव कासावीस होतो, आणि ती कासाविशी घालवायला काहीतरी करावं लागतं: धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात जप करणं. क्षणभर बरं वाटतं, की शंका पुन्हा हजर. जगभरातल्या पाहण्यांनुसार शंभरातल्या दोन-तीन माणसांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आपल्याकडच्या प्रौढांमधलं प्रमाण ०.८ टक्के आढळलं. त्यातल्या अनेकांची सुरुवात शाळेच्या वयातच झालेली असते.

हात धुणं निदान दिसतं तरी. खरी वर्षं वाया जातात ती न दिसणाऱ्या ओसीडीत. आरतीच्या वेळी देवाबद्दल अश्लील चित्रं डोळ्यांसमोर येणारा मुलगा, किंवा स्वयंपाकघरातली सुरी पाहून ‘मी धाकट्या भावाला भोसकलं तर?’ या विचाराने हादरणारी मुलगी. अशी मुलं हे कुणालाही सांगत नाहीत, कारण आपण राक्षस आहोत अशी त्यांची खात्री पटलेली असते. त्यांना एक जुना अभ्यास आवर्जून सांगावा असा आहे. १९७८ मध्ये रॅखमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी कसलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा दहापैकी सुमारे आठ जणांनी असले विचित्र, नकोसे विचार आपल्यालाही येतात असं सांगितलं. बहुतेकांच्या मनातून ते निघून जातात. ओसीडीत माणूस त्यांचा अर्थ लावत बसतो. अशा विचारांनी धास्तावलेलं मूल ते प्रत्यक्षात आणायला निघालेलं नसतं, उलट ते सुरीच्या आसपासही फिरकत नाही. हे न समजणारा समुपदेशक घाबरला, तर मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

मेंदूत नेमकं काय होतं, याचं पूर्ण चित्र अजून हाती नाही. कपाळामागचा काही भाग आणि खोलवरचा कॉडेट नावाचा पेशींचा पुंजका यांना जोडणारं मंडळ गरजेपेक्षा जास्त चालू राहतं, असं स्कॅनमध्ये दिसतं. १९९२ मध्ये लुइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांना आढळलं, की औषधाने बरे वाटलेले आणि केवळ वर्तनोपचाराने बरे वाटलेले, अशा दोन्ही गटांत कॉडेटची वाढलेली धावपळ कमी झाली होती. ‘नुसत्या बोलण्याने काय होणार?’ असं विचारणाऱ्या काकांना हे ऐकवावं.

आता घरच्यांची गोष्ट. ‘आई, दाराला कडी लावलीस ना? नक्की ना?’ आई दहादा ‘हो’ म्हणते, कारण रात्रीचे साडेअकरा झालेत आणि सकाळी डबा करायचाय. बाबा बाहेरून आल्यावर निमूटपणे कपडे बदलतात, कारण नाहीतर मुलगी सोफ्यावर बसू देत नाही. हे सगळं मायेपोटीच होतं, पण आजाराच्या हिशेबात आईचा प्रत्येक ‘हो’ म्हणजे आणखी एकदा धुतलेले हात. घर मुलाच्या नियमांवर जितकं चालतं, तितकी लक्षणं तीव्र असतात, असं अभ्यासांत सातत्याने दिसतं. म्हणून चांगला थेरपिस्ट आईबाबांनाही कामाला लावतो. घरच्यांनी मात्र एका रात्रीत सगळं बंद करून कडक होऊ नये. मुलाशी ठरवून, एकेक गोष्ट सोडावी.

उपचाराचं नाव आहे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन): भीतीला सामोरं जायचं, पण नेहमीची कृती करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराची हकिगत प्रसिद्ध केली, तिथून याची सुरुवात मानतात. प्रत्यक्षात ते असं चालतं: मुलीशी बोलून भीतीची उतरंड लिहायची. तिला दहापैकी तीन गुणांची भीती वाटते ती दाराच्या मुठीची, नऊ गुणांची शाळेच्या स्वच्छतागृहाची. सुरुवात मुठीपासून. हात लावायचा, आणि धुवायचा नाही. दर पाच मिनिटांनी ती आकडा सांगते: तीन, तीन, दोन, एक. कधी आकडा ढिम्म हलत नाही. तेव्हाही, न धुता तो आकडा सोसता येतो हे कळणं हीच कमाई.

हे किती चालतं? अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवर झालेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आजही आधाराला घेतला जातो. ही थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध एकत्र मिळालेल्या गटात सुमारे ५४ टक्के मुलांची लक्षणं जवळपास गेली. नुसत्या थेरपीने ३९, नुसत्या औषधाने २१ आणि खोट्या गोळीने जेमतेम ४ टक्के. औषधाला परिणाम दाखवायला आठ ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत काही किशोरांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून मुलावर बारीक लक्ष हवं आणि तसं काही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि मुलांसाठीचे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी बालमानसोपचारतज्ज्ञच मिळायला हवा म्हणून थांबू नये. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, आरसीआयकडे (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेला. पहिल्या फोनवरच विचारावं: ‘ओसीडीच्या मुलांना तुम्ही ईआरपी देता का? आईवडिलांना सेशनमध्ये घेता का?’ उत्तर ‘आम्ही बोलून मन मोकळं करतो, रिलॅक्सेशन शिकवतो’ असं आलं, तर आभार मानून पुढचा नंबर लावावा. वर्षभर असल्या ‘मन मोकळं’ सेशनवर पैसे घालवलेले पालक कमी नाहीत, आणि मला वाटतं आपल्याकडे उशिराचं हे सर्वांत कमी बोललं जाणारं कारण आहे.

भेटीआधी आठवडाभर एक वही ठेवावी: कोणती कृती, किती वेळ, ती अडवली तर काय होतं, घरचे त्यात कुठे सामील होतात. मूल डॉक्टरसमोर गप्प बसलं तर तीच वही कामी येते. डॉक्टरांनी मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोलावं, असं आपणहून सुचवावं. आणि मरणाची भाषा असेल किंवा मुलाने खाणंपिणं सोडलं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावं.

बरं वाटू लागल्यावर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. लक्षणं गेल्यानंतरही सहसा निदान सहा महिने त्या चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात. परीक्षा आणि शाळा बदलण्याच्या दिवसांत लक्षणं डोकं वर काढतात. त्यामुळे डोस कमी करायची वेळ डॉक्टरांशी ठरवताना शाळेचं वेळापत्रक सोबत न्यावं.