किलोमीटरचा दर म्हणजे पगार नव्हे
लांब पल्ल्याच्या ट्रकवर नव्याने रुजू झालेल्या चालकाला पहिल्या महिन्यापासूनच घसघशीत कमाई होते, हा समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे. त्यामागचा हिशेब मात्र अर्धवट आहे. मोबदला जिथे धावलेल्या अंतरावर ठरतो, तिथे दराला ताशी वेगाने आणि दिवसाच्या तासांनी गुणून उत्पन्न काढले जाते, आणि माल चढवण्या-उतरवण्यासाठी ताटकळणे, गाडीची तपासणी, कागदपत्रे हे सारे, चाके थांबलेली असल्यामुळे, त्या गुणाकारातून अलगद निसटते. चाके हवी तितकी फिरवताही येत नाहीत: युरोपीय संघात दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०), तर अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला ११ तासच गाडी चालवता येते, तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. म्हणजे गोदामाच्या दारात गेलेले चार तास नुसते बिनपगारी नसतात, ते पुढचे अंतरही खातात.

पैसा मिळाला की चालक खूश, हेही तितकेसे खरे नाही. एकांत आवडणारे या कामात रमतात, हे मान्य. पण अनेकांना दरापेक्षा अधिक सलते ती मोडलेली झोप आणि घरी परतण्याची अनिश्चितता. त्यामुळे नवख्याने दर विचारण्याआधी खोळंब्याचे पैसे मिळतात का, हे विचारावे.