केरीच्या पठारावरून ऑफशोअरिंगचा हिशेब

कंपनी आपलं काम परदेशात हलवते तेव्हा पहिलं गणित पगाराचं असतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरने जोडणीचं काम हाँगकाँगला नेलं ते याच गणितावर. भारतानेही १९६५ मध्ये कांडल्याला निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभारलं, १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ हे तसंच दुसरं क्षेत्र आलं. पुढे मालाबरोबर टेबलावरची कामंही येऊ लागली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूला आली, १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने गुडगावात बॅक ऑफिस थाटलं (तीच आजची जेनपॅक्ट), आणि २००२ मध्ये परदेशी कॉलवरची व्हीएसएनएल या दूरसंचार कंपनीची मक्तेदारी संपल्यावर कॉल सेंटरची लाटच आली.

खर्चाची बाजू हळूहळू उघड झाली. शिकवून तयार केलेली मुलं वर्षभरात दुसरीकडे जातात, एकच काम दोन्हीकडे तपासावं लागतं, आणि ग्राहक वैतागला तर बचतीला अर्थ उरत नाही. डेलने २००३ मध्ये तक्रारींनंतर ग्राहक असलेल्या कंपन्यांचे काही कॉल बंगळुरूहून अमेरिकेत परत नेले. २००७ मध्ये डॉलर ४४ रुपयांवरून ३९ च्या आसपास उतरला, तेव्हा डॉलरमध्ये कमावणाऱ्या आपल्या आयटी कंपन्यांचा नफा नुसत्या विनिमय दराने कापला गेला.

हे सगळं कंपनीच्या वहीतलं. ज्या गावात काम येतं त्या गावाची वही वेगळी असते, आणि ती गोव्याने उघडली म्हणून इथला इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

गोमंतकीय माणूस पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या मागे गेला: मुंबईला, बोटींवर तारवटी म्हणून, नंतर आखातात. तेव्हा कामच दारात येणार म्हटल्यावर कोणालाही बरं वाटलं असतं. पण फोंडा तालुक्यातल्या केरीच्या भूतखांब पठारावर जे येऊ घातलं होतं, तो अमेरिकेच्या ड्युपाँटचा थापर समूहासोबतचा नायलॉन ६,६ चा कारखाना होता. पठारावर पडलेला पाऊस खाली झऱ्यांना, विहिरींना आणि कुळागरांना, म्हणजे माड-पोफळीच्या बागांना, पुरतो. ते पाणी बिघडलं तर भरपाई कोणत्या चलनात मोजणार? भोपाळला तेव्हा जेमतेम दशक झालं होतं. जानेवारी १९९५ मध्ये आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि नीलेश नाईक हा तरुण मारला गेला. कारखाना तामिळनाडूत गेला.

दशकभराने त्याच पठारावर नवा प्रस्ताव आला, या वेळी सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या नावाने. २००५ च्या कायद्याने सेझमधल्या निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण आणि पुढची पाच वर्षं निम्मी आयकर सवलत दिली होती. केरीला सिप्लाची उपकंपनी मेडिटॅब, वेर्ण्याला रहेजा, सांकवाळला पेनिन्सुला फार्मा असे सेझ अधिसूचितही झाले. औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी भराभर दिल्या, गावांना न विचारता. लोक रस्त्यावर आले आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी दिगंबर कामत सरकारने गोव्यातले सगळे सेझ रद्द केले. त्यानंतर न्यायालयात बरीच वर्षं गेली. अखेर २०१८ मध्ये सुमारे ३८ लाख चौरस मीटर जमीन परत घेताना सरकारला व्याजासह अडीचशे कोटींहून अधिक रुपये प्रवर्तकांना मोजावे लागले. ग्रामसभेत आधीच विचारलं असतं, तर हे पैसे वाचले असते.

नकाराचीही किंमत आहे, आणि सेझविरोधकांच्या बाजूचा असूनही ती मला नाकारता येत नाही. केरीहून फारशा दूर नसलेल्या फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुलं पुणे-बंगळुरूची वाट धरतात. मागे आई-वडील आणि बंद खोल्या. माझ्या मते सगळ्या कामांना एकाच तराजूत घातलं, तिथे घोटाळा झाला. सॉफ्टवेअरचं किंवा हिशेब तपासणीचं काम एका इमारतीत मावतं, त्याला पठार लागत नाही. नायलॉनच्या कारखान्याला पठार लागतं, पाणी लागतं आणि सांडपाणी सोडायला जागाही लागते. सेझच्या वादात मात्र प्रश्न ‘उद्योग हवा की नको’ एवढाच उरला. कोणतं काम, किती जमिनीवर, कोणाच्या पाण्यावर आणि किती स्थानिकांना कोणत्या पगारावर, हे प्रत्येक प्रस्तावाला वेगवेगळं विचारायचं राहून गेलं.