डेस्कटॉप संगणकाचे श्रेणीवर्धन

जुना पण चालू स्थितीतील डेस्कटॉप संगणक मोडीत न काढता, त्याचे ठरावीक भाग बदलून किंवा वाढवून त्याचे उपयुक्त आयुष्य लांबविण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘अपग्रेड’ म्हणतात. बिघडलेला भाग काढून त्याच क्षमतेचा दुसरा बसविणे ही दुरुस्ती. श्रेणीवर्धनात मूळ यंत्रात नसलेली क्षमता येते. दुकानात मात्र दोन्ही कामे बहुधा एकाच बैठकीत उरकली जातात.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. एक मत तो मिनी संगणकांपर्यंत मागे नेते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ (१९७०) या यंत्रात ‘युनिबस’ नावाची एकच सामाईक बस (भागांना जोडणारा विद्युत् वाहिन्यांचा मार्ग) असून स्मृती, डिस्क आणि इतर उपकरणे तिलाच जोडली जात. परंतु ही यंत्रे मुख्यतः संस्था व प्रयोगशाळांच्या मालकीची असत. घरच्या मालकाने स्वतः पेटी उघडून भाग बसविणे हा निकष लावल्यास आरंभ १९७५ च्या अल्टेअर ८८०० पर्यंत अलीकडे आणावा लागतो. अल्टेअरच्या १०० वाहिन्यांच्या बसला पुढे ‘एस-१००’ हे नाव पडले व १९८३ मध्ये तिचे ‘आयईईई ६९६’ हे प्रमाण ठरले. ही बस फारशा विचाराने आखलेली नसावी. तिच्यात ८ व १६ व्होल्टच्या वाहिन्या शेजारीशेजारी होत्या व कार्ड बसविताना चूक झाली तर शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असे. तरीही अनेक कंपन्यांनी तिच्यासाठी कार्डे बनविली.

ॲपल-२ (१९७७) मध्ये आठ स्लॉट (कार्डे बसविण्याच्या खाचा) होते. स्टीव्ह जॉब्झ यांच्या मते प्रिंटर व मोडेम यांसाठी दोन पुरेसे होते. आठांचा आग्रह स्टीव्ह वॉझ्निॲक यांचा होता आणि तो टिकला. याच कंपनीच्या १९८४ मधील पहिल्या मॅकिंटॉशमध्ये एकही स्लॉट नव्हता व १२८ किलोबाइट रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली होती.

बहुतेक लेखक जनकत्वाचा मान १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीला देतात. त्यात पाच स्लॉट होते आणि आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत विद्युत् मंडलाच्या आकृत्या व बायोस या संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची संपूर्ण आज्ञावली छापली होती. केवळ रचनेचा विचार केला तर पारडे ॲपल-२ कडे झुकते. मात्र सुटे भाग कोणा एका कंपनीच्या हाती राहू नयेत ही स्थिती पीसीमुळेच आली, आणि जुन्या यंत्राचे आयुष्य वाढण्याच्या दृष्टीने तीच निर्णायक म्हटली पाहिजे. १९८७ मध्ये आयबीएमने ‘मायक्रो चॅनेल’ ही परवान्याने बांधलेली नवी बस आणली. तिच्यात जुनी कार्डे बसत नसत. प्रतिस्पर्ध्यांनी १९८८ मध्ये जुनी कार्डे चालणारी ‘ईआयएसए’ पुढे केली. तीही फारशी पसरली नाही, पण मायक्रो चॅनेल मागे पडला. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हा मदरबोर्डाचा (मुख्य बोर्डाचा) आकार व स्क्रूंच्या जागा ठरविणारा आराखडा प्रसिद्ध केला. त्या काळातील धड असलेल्या कॅबिनेटमध्ये आजचा एटीएक्स बोर्ड बसू शकतो.

प्रोसेसर : पहिल्या पीसीत ८०८८ प्रोसेसरशेजारी ४० पायांचे एक रिकामे सॉकेट होते. त्यात ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर बसविता येई. प्रोसेसरच्या अंगाने झालेले हे बहुधा पहिले सर्वपरिचित श्रेणीवर्धन. १९९१ मधील ‘४८७ एसएक्स’चे उदाहरण मासलेवाईक आहे. ही चिप सहप्रोसेसर म्हणून विकली जाई, परंतु ती वस्तुतः पूर्ण ४८६ डीएक्स प्रोसेसर होती. तिच्या जादा पायामुळे ती बसविताच मूळ ४८६ एसएक्स (गणिती भाग बंद असलेला) प्रोसेसर बंद पडे. ग्राहकाने दोन प्रोसेसरांचे पैसे मोजलेले असत व काम एकच करी. १९९२ पासून इंटेलने ‘ओव्हरड्राइव्ह’ मालिका उघडपणे श्रेणीवर्धनासाठी म्हणून विकली.

सॉकेट किती पिढ्या टिकते यावर पुढचे सारे अवलंबून असते. ‘सॉकेट ७’ मध्ये इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिघांचेही प्रोसेसर चालत. तशी स्थिती नंतर आली नाही. इंटेलच्या ‘एलजीए ७७५’ (२००४) मध्ये पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंतचे प्रोसेसर आले, पण प्रत्येक बोर्डाने ते सगळे स्वीकारले नाहीत. याउलट २०१५ चे ‘एलजीए ११५१’ दोनच वर्षांत नावापुरते एक राहिले. २०१७ चे आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच्या जुन्या बोर्डांवर अधिकृतपणे चालत नाहीत. एएमडीचे ‘एएम४’ (२०१६) या बाबतीत अपवाद ठरले. २०१७ च्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास २०२२ चा ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ चालतो. क्रम मात्र पाळावा लागतो : आधी जुन्या प्रोसेसरवर बायोस अद्ययावत करायचा, मग नवा प्रोसेसर बसवायचा. उलट केल्यास पडद्यावर काहीच उमटत नाही.

रॅम : ३० पायांची ‘सिम’ पट्टी ८ बिट रुंद असल्याने ३८६ डीएक्स व ४८६ या ३२ बिट रुंदीच्या यंत्रांत रॅम चार-चार पट्ट्यांनी वाढवावी लागे. ६४ बिट रुंदीच्या पेंटियममध्ये ७२ पायांच्या, ३२ बिटांच्या पट्ट्या जोडीने लागत. ६४ बिटांच्या ‘डिम’ पट्टीमुळे ही अट गेली. डीडीआर२ व डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पाय असले तरी मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. डीडीआर४ व डीडीआर५ (२८८ पाय) यांचेही तसेच. ३२ बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांत ४ गिगाबाइटपलीकडे रॅम वाढवून उपयोग नसतो, आणि पत्त्यांचा काही भाग इतर उपकरणांकडे जात असल्याने त्यांतलीही ३ ते ३.५ गिगाबाइटच वापरात येते.

डिस्क : २०१० नंतरच्या दशकात सर्वाधिक फरक पाडणारा बदल म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांवर माहिती साठविणारी डिस्क). मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची तबकडी एका फेरीस ८.३३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा डोक्याखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो. त्यात डोके योग्य मार्गावर सरकण्याचे ८-९ मिलिसेकंद मिळविले, तर विखुरलेल्या जागांवरील वाचने सेकंदाला ७५ ते ८० च्या पुढे जात नाहीत. संगणक सुरू होताना मुख्यतः अशीच विखुरलेली वाचने होत असतात. एसएसडीला त्याच कामास मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी वेळ लागतो. बोर्डावर डिस्क जोडण्याचे जुने ‘साटा-२’ प्रमाण असल्यास एसएसडीचा उपयोग नाही, हा विक्रेत्यांकडून ऐकू येणारा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. सेकंदाला सुमारे ३०० मेगाबाइटची ती मर्यादा फक्त सलग वाचनाला आड येते. साटाऐवजी थेट वेगवान बसला जोडल्या जाणाऱ्या ‘एनव्हीएमई’ प्रकारच्या एसएसडीचे तसे नाही. साधारण २०१४ पूर्वीचे बहुतेक बोर्ड तीवरून संगणक सुरू करू शकत नाहीत.

जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरविताना एक अडचण हमखास येते. विंडोज एक्सपीच्या काळातील पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. ५१२ बाइटचे ६३ सेक्टर म्हणजे ३२,२५६ बाइट. या आकड्याला ४,०९६ ने भाग जात नाही. परिणामी एसएसडीच्या पानांशी (लेखनाच्या एककांशी) विभागाची जुळणी चुकते व एका लेखनापायी दोन पाने हाताळावी लागतात. शिवाय रिकामी झालेली जागा एसएसडीला कळविणारी ‘ट्रिम’ आज्ञा एक्सपी देत नाही; विंडोज ७ (२००९) देते.

कपॅसिटर : साधारण १९९९ ते २००७ या काळातील मदरबोर्ड व एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठा करणाऱ्या पेटीत) ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अकाली निकामी झाले. निरोगी कपॅसिटरचा माथा सपाट असतो. दोषी कपॅसिटरचा माथा, त्यावरील फुलीच्या खाचेसह, वर फुगतो आणि कडेने तपकिरी चिकट द्रव झिरपतो. कारणाबद्दल दोन मते आहेत. २००२-०३ च्या सुमारास व्यापारी नियतकालिकांत असे छापून आले की, जपानी कंपनीतून चोरलेले इलेक्ट्रोलाइटचे सूत्र अपुरे राहिले व तेच तैवानी उत्पादनात वापरले गेले. ही कथा लोकप्रिय आहे, पण सिद्ध झालेली नाही. रासायनिक स्पष्टीकरण अधिक पुरेसे वाटते. पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये गंजरोधक द्रव्ये कमी पडली, की पाणी ॲल्युमिनियमवर क्रिया करते व हायड्रोजन वायू साठतो. त्यासाठी चोरी झालेलीच असली पाहिजे असे नाही. या काळातील यंत्रावर खर्च करण्यापूर्वी प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर पाहून घेणे हा जाणत्या कारागिरांचा रिवाज आहे. पेटी उघडलीच आहे तर वाळलेली थर्मल पेस्ट आणि ३ व्होल्टचा ‘सीआर२०३२’ सेलही बदलतात. घड्याळ दर वेळी मागे जाणे ही सेल संपल्याची खूण.

ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. त्याहून जास्त लागल्यास एसएमपीएसवरून ६ पायांची (७५ वॉट) किंवा ८ पायांची (१५० वॉट) स्वतंत्र जोडणी हवी. कार्यालयांतून निघालेल्या अरुंद कॅबिनेटच्या यंत्रांत एसएमपीएस बहुधा बिगर-प्रमाणित आकाराचा असतो व वाढीला तेथेच खीळ बसते.

सॉफ्टवेअरची मर्यादा : अलीकडे यंत्र निकामी ठरते ते बहुधा वेगामुळे नव्हे. विंडोज ११ (२०२१) ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे एसएसडी व १६ गिगाबाइट रॅम घातलेले सहाव्या पिढीचे यंत्र रोजच्या कामाला पुरेसे असूनही अधिकृत यादीबाहेर राहते. अशा यंत्रांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालण्याचा मार्ग उरतो. त्यालाही सीमा आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या १३ व्या आवृत्तीपासून (ऑगस्ट २०२५) ३२ बिट पीसीसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर दिला जात नाही.

पर्यावरण व कायदा : संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या एका बहुचर्चित अभ्यासात (सु. २००३-०४) १७ इंची नळीच्या मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनविण्यास २४० किग्रॅ. जीवाश्म इंधन, २२ किग्रॅ. रसायने व १,५०० किग्रॅ. पाणी लागते असा अंदाज दिला आहे. सपाट मॉनिटरांच्या काळात हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. उत्पादनातील ऊर्जा वापरातील ऊर्जेहून जास्त, हा त्या काळच्या अभ्यासांचा निष्कर्ष मात्र श्रेणीवर्धनाच्या बाजूने वारंवार मांडला जातो.

मुंबईत सुट्या भागांचा व्यापार लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) परिसरात एकवटला आहे व ‘असेंबल्ड’ संगणकांची परंपराही तेथे जुनी आहे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार निर्माते, उत्पादक व पुनर्चक्रण करणारे यांच्याबरोबरच जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. विंडोजचा संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो. त्यामुळे वाढीव क्षमतेसाठी बोर्ड बदलल्यास जुन्या कॅबिनेटमधील तो संगणक परवान्याच्या दृष्टीने नवा ठरतो.