सॅटेलाइटला पाण्यातलं विष दिसतं म्हणे!

तलावावर हिरवा तवंग पसरल्याचा सॅटेलाइट फोटो आला की लगेच फॉरवर्ड सुरू, जिथे हिरवं तिथे विष आणि बाकीचं पाणी सेफ. असं काही नसतं. सॅटेलाइटला विष दिसतच नाही, कारण मायक्रोसिस्टिनसारख्या विषाला अवकाशातून ओळखू येईल असा रंगच नाही. दिसतं ते सायनोबॅक्टेरियातलं (हा तवंग करणारे, शेवाळासारखे दिसणारे जीवाणू) रंगद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल आणि फायकोसायनिन, हे दुसरं ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं आणि त्यावरनंच साधं शेवाळ की सायनोबॅक्टेरिया याचा अंदाज बांधतात. पण त्यातले सगळे प्रकार विष बनवत नाहीत, बनवणारेही कायम सारखं बनवत नाहीत.

अमेरिकेतल्या लेक ईरीचं बघा ना, २०११ चा ब्लूम, म्हणजे असा पसरलेला तवंग, २०१४ पेक्षा कितीतरी मोठा होता, तरी नळाचं पाणी पिऊ नका असं काठच्या टोलेडो शहरातल्या लाखो लोकांना सांगावं लागलं ते ऑगस्ट २०१४ मध्ये, कारण तेव्हा विष शहराच्या पाणीपुरवठ्यात पोचलं होतं.

शिवाय असे फोटो काढणाऱ्या सेंटिनेल-३ सॅटेलाइटचा एक पिक्सेल ३०० मीटरचा, काठावरचा बारीक थर त्यात हरवतो, ढग आले की काहीच दिसत नाही, आणि वारा सुटला की सायनोबॅक्टेरिया खाली घुसळले जातात, वरनं पाणी स्वच्छ वाटतं. म्हणून सॅटेलाइट बिनकामाचा का? अजिबात नाही, एवढ्या मोठ्या तलावात सॅम्पल नेमकं कुठून घ्यायचं हे तोच सांगतो, विष आहे की नाही ते मात्र लॅबच.