शितावरून गोलकीपरची परीक्षा

२०१३ चा ऑक्टोबर. कॅनडातल्या एडमंटनमध्ये अजून म्हणावी तशी थंडी पडली नव्हती, पण आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकच विषय तापलेला असायचा: गोलकीपर डेव्हन डुबनिकचं करायचं काय?

ऑइलर्स हा इथला आइस हॉकीचा संघ. २०१०, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क त्यांना मिळाला होता. हा हक्क साधारणपणे तळाला राहिलेल्या संघालाच मिळतो, तेव्हा संघाची अवस्था काय होती ते समजून घ्या. जुना डोलारा मोडून नवा बांधायचं काम सुरू होतं. डॅलस ईकिन्स हे नवे प्रशिक्षक आले. १ ऑक्टोबरला घरच्याच बर्फावर विनिपेगकडून पहिला सामना ५-४ असा हरलो आणि तिथून गोलकीपरच्या नावाने जो शंख सुरू झाला तो थांबेना.

माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा सहकारी जन्मापासून इथला. त्याच्याकडे एक वही होती, दर सामन्यानंतर तो तीत गोलकीपरचा आकडा लिहायचा. दहाएक सामने झाल्यावर त्याने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "बघ, तूच बघ. हा संपलाय." त्या वहीमुळे मी या गणिताच्या नादी लागलो, तो नाद अजून सुटलेला नाही. दर ऑक्टोबरात कुठल्या ना कुठल्या शहरात हाच वाद पुन्हा पेटतो आणि दर वेळी मला ती वही आठवते.

आकडा म्हणजे सेव्ह पर्सेंटेज. गोलवर जितके शॉट आले त्यातले किती अडवले, त्याचं प्रमाण. त्या हंगामात ऑइलर्स ज्या नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळतात तिची सरासरी ०.९१४ च्या आसपास होती. हजार शॉटमागे ९१४ अडवले, ८६ आत गेले. सगळी भांडणं दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या अंकावरून चालतात. ०.९२० वाला उत्तम आणि ०.९०५ वाला धोक्यात.

मी मूळचा खडकीचा. धनराज पिल्लेंच्या गावचा असल्याने हॉकी म्हणजे गवतावरची किंवा टर्फवरची, एवढंच डोक्यात पक्कं होतं. बर्फावरचा खेळ पहिल्यांदा काचेजवळ बसून पाहिला तो ऑइलर्सच्या घरच्या स्टेडियममध्ये, रेक्सॉल प्लेसमध्ये, सामन्याआधीच्या सरावाच्या वेळी. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची रबरी चकती. वजन जेमतेम १७० ग्रॅम. ती आधी गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. ती पॅडवर आपटली की ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा आवाज येतो, आणि गोलच्या खांबाला लागली की देवळातल्या घंटेसारखा. गोल केवढा? रुंदी १.८३ मीटर, उंची १.२२. आपल्या मैदानी हॉकीच्या गोलच्या बरोबर निम्मी रुंदी. त्यात ताडमाड उंचीचा, अंगभर पॅड चढवलेला माणूस उभा. पाहताना वाटतं, आत जायला जागा आहेच कुठे?

पण वेळेचा हिशेब करून पाहा. निळ्या रेषेवरून, म्हणजे साडेएकोणीस मीटरवरून ताशी १४५ किलोमीटर वेगाने शॉट आला, तर गोलपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. डोळ्यांना दिसून हात हलायला सुमारे ०.२ सेकंद जातो. म्हणजे इथे जमण्यासारखं आहे. तोच शॉट सहा मीटरवरून आला तर मिळतो ०.१५ सेकंद. इथे बघून अडवणं माणसाच्या शरीराला शक्यच नाही. गोलकीपर आधीच योग्य जागी उभा असेल तर पक त्याच्या अंगावर येऊन आदळतो, एवढंच. त्यातून शॉटच्या आधी पक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पास झाला असेल, तर त्या जागी पोचायलाही सवड नसते. वहीतल्या आकड्यात मात्र हे दोन्ही शॉट सारखेच मोजले जातात.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात आणि ती बरोबर असते. एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर तांदूळ शिजतो. एक शीत शिजलं तर शेजारचंही शिजलेलंच असणार. शिता-शितातला फरक नगण्य, म्हणून एक शीत पुरतं. गोलकीपरच्या बाबतीत प्रत्येक शॉटला उत्तर फक्त दोनच: अडवला किंवा आत गेला. इथे आठवावं लागतं ते धान्य निवडणं. समजा पोत्यात हजार दाण्यांमागे ८६ खडे आहेत आणि तुम्ही डोळे मिटून ३०० दाणे काढले. किती खडे येतील? सरासरी २६. पण प्रत्येक वेळी २६ येणार नाहीत. कधी २२ येतील, कधी ३१. पोतं तेच, हात तोच.

हा चढ-उतार किती असावा, हे मोजायची रीत सापडून जवळजवळ तीनशे वर्षं झाली. अब्राहम डी मॉइव्हर हा फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला आलेला गणिती. शिकवण्या करून, जुगाऱ्यांना शक्यतांचे हिशेब सांगून पोट भरायचा. त्याने १७३३ मध्ये दाखवून दिलं की असा चढ-उतार संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र शाळेच्या गणिताबाहेरचं नाही: शॉटची संख्या, अडवण्याची शक्यता आणि गोल होण्याची शक्यता यांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा. ३०० गुणिले ०.९१४ गुणिले ०.०८६ म्हणजे सुमारे २३.६, वर्गमूळ ४.९. याला प्रमाण विचलन म्हणतात. म्हणजे दहा सामन्यांत, सामन्यागणिक ३० शॉट धरून, अगदी सरासरी दर्जाच्या गोलकीपरवर २६ गोल होणं अपेक्षित आहे, पाच इकडे किंवा पाच तिकडे. २१ झाले तर त्याचा आकडा ०.९३० दिसतो आणि शहर त्याला डोक्यावर घेतं. ३१ झाले तर दिसतो ०.८९७ आणि पेपरात त्याला विकण्याच्या बातम्या येतात. माणूस तोच. दोन विचलनांची मुभा दिली तर ०.८८० पासून ०.९४७ पर्यंत काहीही दिसू शकतं.

याच्या शेजारी खऱ्या कौशल्याचा फरक ठेवून बघा. सरासरी गोलकीपर आणि ०.९०५ वाला कच्चा गोलकीपर, यांच्यात ३०० शॉटमागे फरक पडतो जेमतेम तीन गोलांचा. शोधायचे आहेत तीन गोल आणि नुसती योगायोगाची लाट पाच गोलांची. पूर्ण हंगामाचे १,८०० शॉट धरले तर हा फरक १६ गोलांचा होतो आणि लाट १२ ची. म्हणजे अख्खा हंगाम संपल्यावर कुठे फरक लाटेच्या वर जरासं डोकं काढतो. शॉट चौपट केले तर लाट दुप्पटच वाढते, फरक मात्र चौपट होतो. सगळी मदार या वर्गमुळावर आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं.

आणखी एक. त्या वेळी लीगमध्ये ३० संघ होते. तिसांचेही गोलकीपर हुबेहूब सारख्या दर्जाचे आहेत असं समजा. त्यातल्या एखाद्याची सुरुवात दोन विचलनांहून वाईट होण्याची शक्यता प्रत्येकी अडीच टक्के. मग तिसांपैकी निदान एका शहरात तरी अशी रडारड होण्याची शक्यता? पन्नास टक्क्यांहून थोडी जास्तच. एकही गोलकीपर वाईट नसताना!

मग ऑक्टोबरात हातावर हात धरून बसायचं का? नाही. माहिती थोडी असताना अंदाज कसा बांधावा याचीही रीत आहे. समजा, लीगमधल्या गोलकीपरांच्या खऱ्या दर्जातला पसारा, त्याचं प्रमाण विचलन, ०.००७ आहे. ०.९१४ गुणिले ०.०८६ ला ०.००७ च्या वर्गाने भागा. उत्तर येतं साधारण १,६००. आता गोलकीपरच्या खऱ्या शॉटमध्ये सरासरी दर्जाचे १,६०० काल्पनिक शॉट मिसळा आणि मग प्रमाण काढा. ज्याने ३०० पैकी २६४ अडवले, म्हणजे आकडा ०.८८०, त्याच्या २६४ मध्ये १,४६२ मिळवा आणि १,९०० ने भागा. येतात ०.९०८. त्या भयंकर ऑक्टोबरनंतर त्याच्याबद्दलचं मत एवढंच खाली यायला हवं, हजारात सहाने. हे काल्पनिक शॉट कुठून आणले, असं माझ्या सहकाऱ्याने विचारलं होतं. ते म्हणजे बाकीच्या सगळ्या गोलकीपरांबद्दल आपल्याला आधीपासून असलेली माहिती. नवं स्थळ बघताना घराण्याची चौकशी करतात, तशातलाच प्रकार. स्वतःचे शॉट वाढत गेले की घराण्याचं वजन आपोआप कमी होतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे मला मनापासून सांगायचं आहे. वाईटात वाईट काळानंतर बहुतेक वेळा सरासरीच्या जवळचा काळ येतो. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आई-वडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची आकडेमोड करून हे दाखवलं होतं. आता नवस कधी बोलतात? सगळं बिघडलं असताना. अंगारा कधी लावतात? ताप सगळ्यात चढलेला असताना. त्यानंतर जो उतार आपणहून येणारच होता, त्याचं श्रेय नवसाला आणि अंगाऱ्याला जातं. सामना सुरू असताना जागेवरून उठू न देणारी घरं मी पुण्यात पाहिली आणि इथे मुखवटा बदलल्याने गोलकीपर सुधारला असं म्हणणारी शिकलेली माणसं पाहिली. प्रशिक्षकाने बाकावर बसवलं म्हणून जागा झाला, हेही त्याच पठडीतलं. नवसाला न पावणारे देव कुणी मोजत नाही आणि मुखवटा बदलूनही न सुधारलेले गोलकीपरही कुणी मोजत नाही.

ऑइलर्सने वाट पाहिली नाही. नोव्हेंबरमध्ये इल्या ब्रिझगालोव्हला आणलं. जानेवारी २०१४ मध्ये डुबनिकला नॅशव्हिलला देऊन टाकलं, तेव्हा त्याचा आकडा होता ०.८९४. त्याच्या जागी बेन स्क्रिव्हन्स आला आणि २९ जानेवारीला सॅन होजेविरुद्ध त्याने ५९ शॉट अडवले, एकही गोल होऊ दिला नाही. त्या रात्री रेक्सॉल प्लेसमधली माणसं उभी राहून ओरडत होती आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सहकाऱ्याने वही उघडून फक्त बोट ठेवलं. प्रश्न सुटला होता. पुढच्या पूर्ण हंगामात त्याच स्क्रिव्हन्सचा आकडा आला ०.८९० आणि जोडीदार व्हिक्टर फास्टचा ०.८८८. गोलकीपर तिघे बदलले, आकडा तिथेच.

आणि डुबनिक? तो आधी नॅशव्हिल, मग माँट्रियलच्या दुय्यम संघात, मग ॲरिझोना असा फिरत फिरत १४ जानेवारी २०१५ ला मिनेसोटात पोचला. दुसऱ्याच दिवशी बफेलोविरुद्ध त्याने गोल खाल्ला नाही. उरलेल्या हंगामात ३९ सामन्यांत त्याचा आकडा होता ०.९३६. सर्वोत्तम गोलकीपरच्या व्हेझिना करंडकासाठी शेवटच्या तिघांत त्याचं नाव होतं.

इथे माझ्या गणिताच्या प्रेमापोटी सगळंच योगायोगावर ढकलणं बरोबर नाही, कारण गणितच तसं करू देत नाही. एडमंटनमधले सुमारे ९०० शॉट आणि मिनेसोटातले सुमारे १,१०० धरून दोन आकड्यांतल्या फरकाचं विचलन काढलं तर ते ०.०१३ च्या आत येतं. प्रत्यक्ष फरक आहे ०.०४२, म्हणजे तिपटीहून जास्त. नुसत्या नशिबाने इतकी मोठी उडी बसत नाही. एक तर ईकिन्सच्या बचावपद्धतीत सगळे पकभोवती गोळा व्हायचे आणि गोलसमोरची मोक्याची जागा उघडी पडायची. सहा मीटरवरून येणारे ते ०.१५ सेकंदाचे शॉट तिथूनच यायचे. मिनेसोटाचा संघ बचावात शिस्तीचा. दुसरं म्हणजे, मधल्या उन्हाळ्यात डुबनिकने पकचा पाठलाग नुसत्या डोळ्यांनी न करता आधी डोकं त्या दिशेला वळवायची सवय मुद्दाम लावून घेतली होती. डोकं आधी वळलं की खांदे आणि पाय मागोमाग त्याच रेषेत येतात, शरीर शॉटच्या वाटेत पूर्ण समोरून उभं राहतं. तो खरोखरच वेगळा गोलकीपर झाला होता. पण त्या पहिल्या दहा सामन्यांच्या वहीत यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं.

मिनेसोटात डुबनिकने जागा घेतली ती डार्सी केम्परची. त्याच हंगामाच्या ऑक्टोबरात केम्परने कोलोरॅडोविरुद्धचे पहिले दोन्ही सामने एकही गोल न खाता जिंकून दिले होते, ५-० आणि ३-०. मिनेसोटाला आपला गोलकीपर सापडला, असं तेव्हा सगळे म्हणत होते. हंगाम संपताना त्याचा आकडा होता ०.९०५. आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोने स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं तेव्हा त्यांच्या गोलमध्ये उभा होता हाच केम्पर.